फावल्या वेळात करून पाहा : बिघडलेल्या गेम-कंट्रोलरची दुरुस्ती आणि विक्री



कुक्कुटपालन, शेळीपालन, मधमाश्या, रेशीम, अळिंबी असे जोडधंदे आपल्या परिचयाचे आहेत. आजचा विषय मात्र जरा निराळा आहे. तो वाचून कोणी म्हणेल, "शेतीचा माणूस आणि हे पोरांच्या खेळण्याचे काय सांगत बसला!" म्हणणे चुकीचे नाही. परंतु हल्ली गावोगाव शिवारफेरी आटोपून ओट्यावर बसले, की पीक आणि पाणी यांच्याबरोबर तिसरी गोष्ट हटकून निघते. मुलगा शिकला आहे, आय.टी.आय. झाला आहे, नोकरी लागेना, आणि दिवसभर मोबाईल नाहीतर गेम. करायचे काय?

त्या प्रश्नाचे पुरते उत्तर या लेखात नाही. पण ज्या वस्तूवर मुले तासन्‌तास बोटे चालवतात तीच वस्तू उघडून दुरुस्त करायला शिकली, तर हाताला कसब येते आणि सुट्टीच्या दिवसांत चार पैसे सुटतात. हा छंद आहे, पोटाचा धंदा नव्हे, हे आरंभीच सांगून ठेवतो. त्यात मिळते किती, जाते किती, आणि कुठे फसायला होते, हे सगळे आज हिशेबाने पाहू.

कंट्रोलर म्हणजे काय?

व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत जे बटणांचे यंत्र धरतात त्याला कंट्रोलर म्हणतात. ज्यांचे वय आज चाळिशीच्या पुढे आहे त्यांना १९९० नंतरचा टीव्ही गेम आठवत असेल. मुंबई-पुण्याचा मामा सुट्टीत येताना घेऊन यायचा. त्यात कॅसेट घालायची आणि लाल बटणे दाबत बसायचे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या त्या नकला होत्या. डाव्या अंगठ्याखाली येणारी अधिकाच्या चिन्हासारखी कळ त्याच कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली एका हातखेळासाठी योजली. आजही जवळजवळ प्रत्येक कंट्रोलरवर ती कोणत्या ना कोणत्या रूपात दिसते.

पुढे १९९७ साली सोनी कंपनीचा ड्युअलशॉक आला. त्याला दोन अंगठ्यांसाठी दोन छोट्या दांड्या होत्या आणि आत थरथर निर्माण करणाऱ्या मोटारी होत्या. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा २००५ सालचा, सोनीचा ड्युअलशॉक ४ हा २०१३ सालचा आणि ड्युअलसेन्स २०२० सालचा. आपल्याकडे जुन्या बाजारात फिरतो तो माल मुख्यत्वे या मंडळींचा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग, हत्यारे आणि जाणकार माणसे, तिन्ही भेटतात. तालुक्याच्या गावी गेम पार्लर असेल, तर बिघडलेले चार-दोन कंट्रोलर तिथल्या कपाटात नक्की पडलेले असतात.

बिघाड कुठे होतो?

नवे यंत्र महाग आणि बिघाड मात्र क्षुल्लक, अशी स्थिती असते तेथेच दुरुस्तीला वाव असतो. कंट्रोलरच्या बाबतीत तसेच आहे. नेहमीचे बिघाड पाच.

पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे ड्रिफ्ट. अंगठा लावलेला नसतानाही पडद्यावरचा माणूस आपोआप एका बाजूला चालू लागतो. कारण सोपे आहे. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण फिरवताना खरखर का येते, तेच इथे घडते. दांडीच्या दोन अंगांना दोन लहान पेट्या असतात. एक आडवी हालचाल मोजते, दुसरी उभी. प्रत्येक पेटीत कार्बनची पातळ पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची जीभ सरकते. हजारो वेळा घासून पट्टी झिजते, भुकटी साचते, आणि यंत्राला दांडी मधोमध असूनही कललेली भासते. हा दोष कोणा एका कंपनीचा नाही. २०१७ साली आलेल्या निन्टेंडो स्विचच्या कंट्रोलरविषयी इतक्या तक्रारी झाल्या, की २०२० साली कंपनीच्या अध्यक्षांना ग्राहकांची माफी मागावी लागली.

दुसरा बिघाड बटण न लागण्याचा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये बटणाखाली रबरी पापुद्रा असतो आणि त्याला काळी कार्बनची टिकली असते. ती खालच्या पट्टीला टेकली की वीज वाहते. चहा, सरबत, घाम, धूळ यांचा थर बसला की टिकली टेकते, पण वीज जात नाही.

तिसरा, चार्जिंगची पिन सैल होणे. चौथा, बॅटरी उतरणे. पाचवा, मागच्या कळेची स्प्रिंग निसटणे किंवा मोडणे. याशिवाय पाण्यात पडलेले, आतून गंजलेले, मुख्य पट्टी जळालेले नग असतात. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पहिला धडा घरच्या रिमोटवर

लगेच कंट्रोलर विकत आणू नका. घरात टीव्हीचा एखादा रिमोट असा असतोच, ज्याचे बटण अंगठ्याने दहादा दाबावे लागते. त्याच्या आत तोच रबरी पापुद्रा आणि त्याच टिकल्या असतात. सेल काढा, स्क्रू असल्यास सोडवा, कडेच्या खाचेत प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून हळू उघडा. पट्टी आणि टिकल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसा. वाळू द्या, पुन्हा जोडा. रिमोट चालू झाला की घरच्या मंडळींचाही विश्वास बसतो, आणि खर्च नगण्य.

पुसण्यासाठी रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. थिनरने प्लॅस्टिक विरघळते आणि रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो. सॅनिटायझरही नको, कारण त्यात पाणी आणि चिकट द्रव्ये मिसळलेली असतात.

हत्यारे कोणती लागतात?

बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच, तापमान कमीजास्त करता येणारे सोल्डरिंग आयर्न, बारीक सोल्डरची तार, फ्लक्स, वितळलेले सोल्डर ओढून घेणारा पंप, तांब्याची वेणी, साधा मल्टिमीटर, चिमटा, जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, एवढे पुरे. संचात मधोमध भोक असलेली सहा टोकांची, टी-८ नावाची पेचकसाची पाती असल्याची खात्री करा. एक्सबॉक्सचे कंट्रोलर तिच्यावाचून उघडत नाहीत. शिवाय त्यांचा एक स्क्रू बॅटरीच्या कप्प्यात कागदी चिकटपट्टीखाली लपलेला असतो. तो न काढता जोर लावला की कवच तडकते. ड्युअलशॉक ४ ला मात्र पाठीमागे साधे चार स्क्रू असतात.

सोल्डरिंग आयर्नला वीज फारशी लागत नाही, घरच्या इन्व्हर्टरवरही ते चालते. तेव्हा भारनियमनाची अडचण फार नाही.

जुना माल घेताना

बैल घेताना दात पाहतात, चालवून पाहतात, खूर उचलून पाहतात. इथेही तीच रीत ठेवावी.

कंट्रोलर हातात घेऊन हलवा. आत काही खुळखुळत असेल तर तो आधी कोणी उघडला आहे असे समजा. स्क्रूची डोकी ओरबाडलेली आहेत का पाहा. चार्जिंगच्या खाचेत हिरवट-पांढरा थर असेल तर आत पाणी गेलेले आहे. कवचाची शिवण एका बाजूने फुगली असेल तर बॅटरी फुगलेली असण्याचा संभव आहे. शक्य असेल तर संगणकाला जोडून पाहा. ब्राउझरमध्ये कंट्रोलर तपासण्याची मोफत पाने मिळतात. त्यात कोणते बटण लागते आणि दांडी सोडल्यावर आकडा शून्याजवळ येतो की नाही हे लगेच दिसते.

नकली मालाला फार जपावे. ड्युअलशॉक ४ च्या हुबेहूब नकला बाजारात पुष्कळ आहेत. वजन हलके, अक्षरे पुसट, कडा खरखरीत आणि किंमत संशय यावा इतकी कमी, अशी लक्षणे दिसली तर सोडून द्या. नकली माल अस्सल म्हणून विकणे हा गुन्हा आहे. तो आपल्याला अस्सल म्हणून मिळाला होता, ही सबब चालत नाही.

चोरीच्या मालाचेही तसेच. विकणाऱ्याचे नाव, फोन आणि तारीख वहीत लिहून त्याची सही घ्यावी. जो सही द्यायला कां-कूं करतो त्याचा माल स्वस्त असला तरी महागच पडतो.

दुरुस्तीची रीत

१. बॅटरीच्या तारेचा जोड आधी सोडवावा. मग पुढचे काम.

२. एका कागदावर कंट्रोलरची आकृती काढून जो स्क्रू जिथला तिथे चिकटपट्टीने लावावा. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढावा. जोडताना तीच आपली वही.

३. कवच एकदम ओढू नये. ड्युअलशॉक ४ मध्ये चार्जिंगची लहान पट्टी आणि मुख्य पट्टी यांना जोडणारी पातळ फीत असते, ती फाटते. मागच्या कळांच्या स्प्रिंगा उडतात, म्हणून खाली मोठे फडके अंथरून बसावे.

४. सुटा भाग मागवण्यापूर्वी आतल्या पट्टीवर छापलेला क्रमांक वाचावा. एकाच नावाच्या कंट्रोलरच्या आत निरनिराळ्या काळात निरनिराळ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. ड्युअलशॉक ४ च्या चार्जिंगच्या पट्टीची फीत कुठे १२ पिनांची, कुठे १४ पिनांची असते. बियाणे जमिनीप्रमाणे घ्यावे लागते, तसे हे.

५. ड्रिफ्टसाठी काहीजण पेटीत साफ करणारा फवारा मारतात. त्याने काही दिवस गुण येतो, पण झिजलेली पट्टी भरून येत नाही. असा नग "दुरुस्त केला" म्हणून विकू नये. पक्का इलाज म्हणजे दांडीचा सगळा जोड बदलणे.

६. हा जोड ड्युअलशॉक ४ किंवा ड्युअलसेन्समध्ये १४ ठिकाणी डाखलेला असतो. हल्लीच्या पट्ट्यांवरचे सोल्डर बिनशिशाचे असते. ते सुमारे २१७ अंशांना वितळते, तर जुने शिसेमिश्रित सोल्डर १८३ अंशांना. म्हणून आधी प्रत्येक टाक्यावर थोडे शिसेमिश्रित सोल्डर आणि फ्लक्स लावावे, म्हणजे दोन्ही मिसळून टाका मऊ होतो. मग पंपाने आणि तांब्याच्या वेणीने ओढून घ्यावे. जोड हलू लागल्याखेरीज उपटू नये. जोर लावला की पट्टीवरची तांब्याची बारीक वाट उखडते आणि सगळाच नग हातचा जातो.

७. नवा जोड बसवल्यावर दांडीचा मध्य पुन्हा ठरवावा लागतो, कारण जुन्या जोडाचे आकडे कंट्रोलरच्या स्मरणात राहिलेले असतात. संगणकाला जोडून हे करण्याची मोफत साधने आज उपलब्ध आहेत.

८. अलीकडे चुंबकावर चालणारे जोड मिळतात. त्यांना हॉल इफेक्टचे जोड म्हणतात. त्यात काही घासतच नाही, म्हणून कार्बनच्या पट्टीसारखी झीज होत नाही. किंमत अधिक पडते. ते बसवले असल्यास गिऱ्हाइकाला तसे सांगून थोडा जास्त भाव मागायला हरकत नाही.

९. रिकामे कवच कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन टूथब्रशने शिवणी साफ कराव्या आणि बियाण्याप्रमाणे सावलीत वाळवावे. उन्हात ठेवल्यास प्लॅस्टिकचा रंग बिघडतो. ओलसर कवच घाईने जोडू नये.

१०. विकण्यापूर्वी कंट्रोलरची जुन्या यंत्राशी असलेली जोडणी मिटवावी. ड्युअलशॉक ४ ला त्यासाठी पाठीमागे टाचणीएवढे छिद्र असते. मग अर्धा तास खेळून पाहावे. हे काम घरातल्या धाकट्याकडे द्यावे, तो आनंदाने करतो!

ही काळजी घ्याच

ड्युअलशॉक ४ मध्ये ३.७ व्होल्टची, १००० मिलीअँपिअर-तासांची लिथियम बॅटरी असते. आकार लहान म्हणून तिला सामान्य समजू नये. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. टाचणी लागली तरी ती पेट घेऊ शकते. अशी बॅटरी वाळूने भरलेल्या डब्यात, गोठ्यापासून आणि वैरणीपासून दूर ठेवावी आणि अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. २०२२ साली केंद्र सरकारने ई-कचरा आणि बॅटरीचा कचरा या दोहोंविषयी नियम केले आहेत. निकामी पट्ट्याही तिकडेच द्याव्यात. बांधावर जाळलेल्या प्लॅस्टिकचा आणि शिशाचा त्रास शेवटी आपल्याच विहिरीला आणि जनावरांना.

आयसोप्रोपिल अल्कोहोल पेट्रोलसारखेच भडकते, म्हणून स्वयंपाकघरात हे काम नको. खिडकी उघडी ठेवून बसावे, डाखाचा धूर नाकात जाऊ देऊ नये. शिसेमिश्रित तार हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. लहान मूल जवळ असता आयर्न तापवू नये. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की वायर काढून उठावे.

आता हिशेब

कोणताही जोडधंदा कागदावर उतरवल्याशिवाय समजत नाही. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल धरले आहेत. आपल्या भागातील भाव विचारून ते बदलून घ्यावेत, रीत मात्र हीच ठेवावी.

समजा, ड्रिफ्ट असलेले ५ कंट्रोलर प्रत्येकी ७०० रुपयांना घेतले. झाले ३,५०० रुपये. त्यांतील एक उघडल्यावर निकामी निघाला, तो सुट्या भागांसाठी ठेवला. उरलेल्या ४ नगांना दोन-दोन जोड, म्हणजे ८ जोड, ६० रुपयांप्रमाणे ४८० रुपये. सोल्डर, फ्लक्स, अल्कोहोल २०० रुपये. एस.टी. भाडे आणि कुरिअर ४०० रुपये. एकूण खर्च ४,५८० रुपये. ४ नग १,६०० रुपयांप्रमाणे विकले, आले ६,४०० रुपये. एखादा नग परत येतो, त्यासाठी ३०० रुपये बाजूला काढले. हाती राहिले १,५२० रुपये.

पुष्कळजण इथेच थांबतात आणि खूश होतात. पण वेळ मोजा. ४ नगांना प्रत्येकी ३ तास म्हणजे १२ तास, निकामी नगावर गेलेले ३ तास, माल पाहणे, फोटो काढणे, गिऱ्हाइकाशी बोलणे यांचे ५ तास. एकूण २० तास. म्हणजे तासाला ७६ रुपये. हत्यारांना ३,००० रुपये घातले असतील तर पहिल्या दोन खेपांची कमाई त्यांनाच फेडते. खरी मिळकत तिसऱ्या खेपेपासून.

यावरून तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. एक, या छंदात पीककर्जाचा किंवा बियाण्या-खताचा पैसा कदापि घालू नये. दोन, पहिल्या खेपेला दोनच नग घ्यावेत, कारण पहिला बहुधा शिकण्यातच जातो. तीन, विकत घेऊन विकण्यापेक्षा दुसऱ्याचा नग मजुरीने दुरुस्त करून देणे अधिक सुरक्षित. त्यात भांडवल अडकत नाही, माल पडून राहत नाही. स्वतः जमीन विकत घेण्यापेक्षा दुसऱ्याच्या रानात औत भाड्याने घालावे, तसे हे आहे. गेम पार्लरचा मालक अशा माणसाच्या शोधातच असतो.

एका घरची हकीकत

माझ्या माहितीतले एक घर आहे. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि हरभरा, दोन म्हशी. मुलाने इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा आय.टी.आय. कोर्स केलेला. त्याने कंट्रोलरचे काम करायचे मनात घेतले तेव्हा वडील कडाडले, "शेत सोडून आता खेळणी विकणार का?" आईने मात्र दुधाच्या बिलातून ३,००० रुपये दिले आणि एकच अट घातली, की दिवाळीपर्यंत ते दुधाच्या वहीत परत जमा व्हावेत.

तिसराच नग तालुक्याच्या एका विद्यार्थ्याला विकला आणि आठवड्यात तो परत आला. बटण अडकत होते. मुलगा म्हणाला, "आई, त्याच्याच हातून पडला असेल. माझ्याकडून नेला तेव्हा चांगला होता." आईने विचारले, "तू ते बटण किती वेळ चालवून पाहिलं होतंस?" मुलगा गप्प राहिला. आई म्हणाली, "दुधात पाणी निघालं तर डेअरी काय करते बाळा? त्याचे पैसे देऊन टाक. आपलं नाव एकदाच जातं." घरात त्या आठवड्यात खताचे पैसे द्यायचे होते आणि १,५०० रुपये परत करणे जड होते. तरी ते परत गेले.

त्या वर्षी दिवाळीला आईचे ३,००० रुपये पुरे झाले नाहीत, ८०० कमी पडले. ते पुढे संक्रांतीपर्यंत फिटले. मधल्या काळात त्या मुलाने काम हळू केले, पण प्रत्येक नग स्वतः खेळून पाहूनच दिला. आज तो महिन्याला सात-आठ नग मजुरीने करतो. त्यातून घर चालत नाही, परंतु त्याचा स्वतःचा आणि धाकट्या बहिणीचा कॉलेजच्या प्रवासाचा खर्च भागतो. वडिलांचे मत बदलले ते मात्र निराळ्याच कारणाने. ऐन फवारणीत बॅटरीवरचा पंप बंद पडला, आणि तालुक्याला जावे न लागता मुलाने मल्टिमीटर लावून तुटलेली तार शोधून तासाभरात पंप चालू केला. वडील तोंडाने काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचाही पंप ओट्यावर आणून ठेवला.

या छंदाचे खरे मोल मला त्यातच दिसते. मल्टिमीटर धरणे, डाख देणे, बिघाड एकेक करून शोधणे हे कसब कंट्रोलरपुरते राहत नाही. फवारणी पंप, झटका मशीन, सौर दिवा, पंपाचा स्टार्टर अशी किती यंत्रे आज शेतात आहेत! मात्र स्टार्टर आणि तीन फेजची लाइन हे परवानाधारक वायरमनचे काम. कंट्रोलर उघडला म्हणून त्यात हात घालू नये.

विकताना खरे बोला

जाहिरातीत नवा असे लिहू नका, "वापरलेला, दुरुस्त केलेला" असे स्पष्ट लिहा. कोणता भाग बदलला, तो कंपनीचा की बाजारी, बॅटरी जुनी की नवी, कवचावर ओरखडे कुठे, हे सांगा आणि ओरखड्याचा फोटोही द्या. पंधरा दिवसांची जबाबदारी लिहून द्या. असे केल्याने गिऱ्हाईक पळते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात घासाघीस कमी होते आणि परत येणारे नग घटतात.

पैसे घेताना सावध असावे. यूपीआयवर पैसे येण्यासाठी आपल्याला पिन टाकावा लागत नाही. "हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असे जो सांगतो तो पैसे काढणारा असतो. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अनोळखी गिऱ्हाइकाला दिवसा, गजबजलेल्या ठिकाणी भेटावे. मुलीने हे काम हाती घेतले असेल तर घरातील कोणी बरोबर जावे. बारीक टाक्यांचे हे काम मुलींच्या हाताला चांगले बसते, तेव्हा त्यांना वगळू नये.

माल राज्याबाहेर पाठवायचा झाल्यास जीएसटी नोंदणीचे नियम वेगळे लागू होतात. त्याआधी तालुक्याच्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात छंदापुरती विक्री ठेवली तर हा व्याप मागे लागत नाही आणि कुरिअरमध्ये नग फुटण्याची भीतीही राहत नाही.

शेवटी एवढेच

मुलगा कंट्रोलर हातात घेऊन खेळत बसला तर दिवस जातो. तोच उघडून बसला तर दिवस जातो आणि काहीतरी येते. मात्र दुरुस्तीच्या नावाखाली रात्रभर खेळणेच चालले आहे का, यावर घरच्यांनी नजर ठेवावी. त्यासाठी ओरडण्याची गरज नाही, वही मागावी. किती नग आले, किती गेले, किती तास लागले, काय उरले, हे वहीत असेल तर काम चालू आहे. वही कोरी असेल तर खेळ चालू आहे.

पेरणी, खुरपणी आणि काढणी यांच्या दिवसांत हे काम गुंडाळून ठेवावे. रब्बी घरात आल्यापासून मृगापर्यंतचा काळ आणि पावसाची झड लागलेले दिवस याला सोयीचे. आरंभाला खर्च नको. या आठवड्यात घरातला तो अडणारा रिमोट घ्या, मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, आणि मिळून उघडा. तो चालू झाला तर पुढची वाट विचारा. नाही झाला तर फक्त एक जुना रिमोट गेला.